जीप विकण्याआधी कच्छला

जीप विकायची ठरली तेव्हा मी एकच अट घातली. आधी तिने मला कच्छला न्यावं, मग खुशाल जावं.

मीनाचे बाबा, म्हणजे माझे मालक, कासा ते आमचा पाडा या रस्त्यावर ही जीप वीस वर्षं चालवत होते. एकदा एका मास्तरांनी गाडीत त्यांना कडिया ध्रोचे फोटो दाखवले. भुजच्या पुढे कोरड्या माळात खोल घळ, लाल-पिवळ्या दगडांचे थर आणि तळाशी हिरवं पाणी. तेव्हापासून दर दिवाळीनंतर ते म्हणायचे, "रमिला, चल." मी म्हणायचे, "भात झोडून होऊ दे." भात झोडून झालं की कुणाचं लग्न, मग मीनाची परीक्षा. दोन वर्षांपूर्वी ते गेले. भात अजून दरवर्षी झोडावं लागतंच.

मार्ग त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवला होता. मी शाळेत गेलेली नाही, मीनाच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले. त्यांचं अक्षर वाकडं, पण मला लागतं. पहिली ओळ अशी: "चारोटी. पॅसेंजर उतरवायचे. रमिला पुढे."

आमच्याकडच्या जीपमध्ये पुढची सीट आजारी माणसाला, नाहीतर पोटुशी बाईला देतात. ड्रायव्हरची बायको मागे, टोपल्यांमध्ये. वीस वर्षांत मी पुढे बसले नव्हते.

पौषात निघालो. तुम्हीही थंडीतच जा, फाल्गुन लागला की तिथला दगड तापतो. मीना नर्स आहे, पाच दिवसांची रजा काढून आली. गाडी तिला बाबांनीच शिकवली. मी सवयीने मागे चढले. चारोटीला तिने जीप बाजूला घेतली.

"आई, उतर."

"काय झालं? पंक्चर?"

"कागदात काय लिहिलंय? पुढे ये. मी काय तुझी ड्रायव्हर आहे?"

"मग कोण आहेस?"

"ड्रायव्हरच आहे. पण पुढे ये."

मी पुढे बसले. मीनाने चावी फिरवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "मागून कोण येतंय का?" बाबांची सवय. गाडी भरली तरी ते असं विचारल्याशिवाय सुटायचे नाहीत, कारण आमच्याकडे कुणीतरी तापाचं पोर घेऊन, नाहीतर कोंबडी बगलेत मारून धावत येतच असतं. ओरडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने डोकं आत घेतलं आणि गाडी सोडली.

पुढची ओळ: "वलसाड. रमिलाला मळमळेल. लिंबू." लिंबू हातात धरून बसले होते, पण मळमळलं नाही. पुढे बसलं की मळमळत नाही, हे त्यांना कधी कळलं नाही. मलाही त्या दिवशीच कळलं.

भरूच, बडोदा, अहमदाबादच्या बाहेरून विरमगाम. महामार्ग चांगला, पण ट्रक फार आणि आमची जीप साठच्या वर गेली की दारं वाजतात. विरमगामजवळ धर्मशाळेत स्वस्तात स्वच्छ खोली मिळाली. तिथे मी नागलीची भाकरी काढली आणि बरोबर सुकटाचा डबा उघडला. वास व्हरांडाभर. मीनाने झडप घालून झाकण लावलं.

"आई! ही धर्मशाळा आहे. हाकलतील आपल्याला."

"सुकटाशिवाय भाकरी उतरते का घशाखाली?"

"आज उतरव."

दूध-भाकरी खाल्ली. तुम्ही आमच्या बाजूचे असाल तर सुकट घरी ठेवा, लोणचं घ्या.

दुसऱ्या दिवशी हळवद, मग सुरजबारीचा पूल. दोन्हीकडे मीठ, पांढरे ढीग. कागदात तिथे फक्त "थांबणे" लिहिलं होतं. थांबलो. काय बघायचं ते लिहिलं नव्हतं, म्हणून सगळंच बघितलं. मुक्कामाला भुज.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडिया ध्रो. शेवटचा रस्ता रस्ता नाहीच, नुसते दगड. छोटी गाडी नेऊ नका. पाणी भरपूर घ्या, तिथे दुकान नाही. जीप वर ठेवून आम्ही चालत उतरलो.

फोटोत होतं तसंच होतं. तांबडा, पिवळा, वांग्याच्या रंगाचा दगड, पाण्याने घासून गुळगुळीत केलेला, आणि मधे गप्प उभं पाणी. आवाज आमच्या चपलांचाच. आमच्यात गेलेल्या माणसाचा पहिला घास बाजूला काढतात. घरून आणलेल्या पळसाच्या पानावर मी भाकरीचा तुकडा ठेवला आणि हात जोडले. डोळे उघडते तो एक शेळी पानासकट खात होती.

मागून एक म्हातारा धनगर काठी उगारत धावला. "माफ करजो, बेन!"

"खावा दो, काका," मी म्हटलं. तलासरीच्या बाजारात गुजराती कानावर पडतंच, तेवढं येतं. मीनाच्या बाबांनाही शेळ्या आवडायच्या.

काकांनी आमच्याकडे पाहिलं, वर जीपकडे पाहिलं. दोन बायका आणि एवढी गाडी. "भाई क्यां छे?" भाई कुठे आहेत?

"पाछळ आवे छे," मी म्हटलं. मागून येतायत.

का बोलले, माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. मीना पाण्याकडे बघत राहिली.

काका शेळ्या हाकत निघाले. वळणावर थांबून त्यांनी ओरडून सांगितलं, "भाईने केजो, नीचे पथ्थर लपसणो छे!" खाली दगड निसरडा आहे, भाईंना सांगा.

"कहीश," मी म्हटलं. सांगेन. मग तिथेच बसले. मीना येऊन टेकून बसली. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही उठलो नाही. कागदावर त्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं. परतीचा मार्ग त्यांनी लिहिलाच नव्हता.

येताना त्याच रस्त्याने दोन दिवसांत घरी आलो. जीप धुतली आणि दिली. घेणारा शंकर आमच्याच रस्त्यावर चालवतो, चांगला मुलगा आहे. लोक विचारतात, एवढं लांब जाऊन काय आणलं? एक गुळगुळीत तांबडा दगड आणलाय, तो पिठाच्या डब्यावर ठेवते. आणि हे कळलं, की जाऊन यायला पाचच दिवस लागत होते. भात तेवढं थांबलं असतं.

परवा बाजार करून कासाहून परतत होते. तीच जीप. मागे जागा नव्हती. शंकर म्हणाला, "मावशी, पुढे बसा." बसले. माझ्या शेजारी अजून एकाची जागा होती. त्याने चावी फिरवली, मग थांबला आणि मला विचारलं, "मागून कोण येतंय का?"

मी मागे वळून रस्ता पाहिला.

"नाही," मी म्हटलं. "कोणी येत नाही. सोड गाडी."