गंजभर पाणी

प्रशांतचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी राजापेठेत आईकडे कैऱ्या किसत बसले होते. "बाबा गेले व वैशाली. निंग तू," एवढंच तो बोलला. मी किसणी धुतली, जागेवर ठेवली, हात पुसले आणि मग आईला सांगितलं. आधी किसणी का धुतली, ते मला अजून कळलेलं नाही. अमरावती ते अकोला रस्ताभर रडू आलं नाही. डोक्यात एकच होतं, आज मामाजींनी झाडांना पाणी दिलं असेल की राहिलं असेल...

मामाजी म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्याच. होता तो त्यांनी लावलेला गच्चीवरचा मोगरा, आणि त्याच्या भोवती मामाजींनी वाढवलेला पसारा. वांगी, दोडक्याची वेल, कढीपत्ता, गवती चहा. माती बार्शीटाकळीच्या शेतातली, पोत्यांत भरून आणलेली. एकदा मी हौसेने नर्सरीतून कोकोपीट आणलं, तर त्यांनी पिशवीत हात घालून बघितलं आणि म्हणाले, "नारयाच्या शेंड्या कुंडीत भराच्या अन् तिले माती म्हनाचं?" ती पिशवी अजून जिन्याखाली पडून आहे.

उन्हाळा सरत आला की अकोल्यात नळाची वाट बघणं हा मोठाच उद्योग असतो. प्यायचं पाणी झाडांना घालायचं नाही, हा मामाजींचाच कायदा. मग झाडं जगायची ती माझ्या स्वयंपाकघरावर. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मी गंजात, म्हणजे आमच्याकडच्या उभट पातेल्यात साठवायची आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. ऊन उतरलं की जिन्यातून हाक यायची, "वैशाली, झालं काय पानी?" दिवसभरात आमचं बोलणं बहुधा तेवढंच. सासऱ्याला आणि सुनेला बोलायला असतं तरी काय? ऊन फार तापलं की मी तांदूळ दोनदाऐवजी तीनदा, चारदा धुवायची. त्यांच्या ते लक्षात आलंच. जेवताना म्हणाले, "इतकं धूशीन त भातात काय राहीन व?" पण गंज काठोकाठ दिसला की स्वारी खूश असायची.

काळी माती उन्हात आकसते आणि कुंडीची कड सोडते. घाईने ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. मी तसंच ओतत होते, तर त्यांनी माझ्या हातातून गंज काढून घेतला. "लेकराले पाजते तसं घोट घोट पाज. एकदम देशीन त सारं खालून निंगून जाईन." मोगरा सुकल्यासारखा वाटला की ते फांदी नखाने जराशी खरवडायचे. आत हिरवं दिसलं की "हाये," म्हणायचे आणि पुढच्या कुंडीकडे वळायचे.

या वेळी माहेरी निघताना मी विचारलं होतं, झाडांच्या पाण्याचं कसं करणार. "तू जाय बिनधास्त. मले तांदूय धुता येते."

घरी पोचले तेव्हा त्यांना बैठकीत निजवलं होतं. मी नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात गेले. कट्ट्यावर गंज होता, वर ताटली झाकलेली. सकाळी त्यांनी खरंच तांदूळ धुतले होते. ते बाजूला पातेल्यात भिजून फुगले होते. त्यांना नेल्यावर शेजारच्या काकूंनी घरातलं साठवणीचं पाणी फेकायला घेतलं. माणूस गेलेल्या घरात ते ठेवत नाहीत. माठ रिकामा झाला, बादल्या झाल्या, त्याच ओघात गंजही मोरीत पालथा झाला. मी समोरच उभी होते. पालथा गंज सरळ केला आणि परत कट्ट्यावर ठेवला.

मग सुतक. घरात काही शिजवायचं नाही, भावकीतून डबे यायचे. आम्ही जेवायचो, भेटायला येणाऱ्यांना तेच तेच सांगायचो. "झटक्यात गेले, नशीबवान," असं जो तो म्हणायचा आणि मी मान हलवायची. नशीब कसलं डोंबलाचं, असं मनात यायचं, तेही दुसऱ्या कोणाच्या तरी मनात आल्यासारखं... घरात तांदूळच धुतले जात नाहीत, म्हणजे गच्चीवर पाणीही जात नाही, इतकी साधी गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नाही. माझ्याही नाही.

तेरवीला स्वयंपाकाच्या बायका आल्या. मागच्या अंगणात त्यांनी ढीगभर तांदूळ धुतले आणि एकीने ते पांढरं पाणी नालीत सोडायला घेतलं. मी ओरडले, "थांबा, फेकू नका!" पाहुण्यांसकट सगळे बघायला लागले. बादली भरून घेतली आणि जिना चढले. वांगी करपली होती. दोडक्याची वेल हात लावताच मोडत होती. मोगऱ्यावर एक पान नव्हतं. मी जवळजवळ अख्खी बादली त्याच्यात ओतली, आणि ते सगळं पाणी कडेच्या फटीतून जाऊन खालच्या भोकातून बाहेर आलं, माझ्या पायांवरून गच्चीभर पसरलं. तेव्हा मला रडू आलं. प्रशांत मागे येऊन उभा होता. "सुकलं व ते," तो म्हणाला. मग खाली गेला आणि एक वाटी घेऊन आला. बादलीच्या तळाला उरलेलं पाणी आम्ही वाटीने पाजलं.

त्याला आता काही आठवडे झाले. कुंड्या काढून टाकू का, असं प्रशांतने एकदा विचारलं. मी राहू दे म्हटलं. मोगऱ्याची फांदी मी अजून खरवडून बघितलेली नाही. बघायची हिंमत नाही. ऊन उतरलं की गंज घेऊन वर जाते आणि घोट घोट पाणी देते. तांदूळ अजूनही चारदाच धुते, पण गंज काही भरत नाही... एका माणसाचे तांदूळ कमी घेते ना मी आता.