चेटकीण मावशीचा हात

चेटकीण मावशी कुणाचाही हात हातात आला की दोनदा दाबायची. दूधवाल्याचा, मतं मागायला आलेल्याचा, मयताच्या घरातल्या माणसांचासुद्धा. रिंगमधली सवय. आपण आपटलेली बाई धड आहे ना, हे पब्लिकला न कळता विचारायचं, तर तिचा हात धरायचा. तिने दोनदा दाबला म्हणजे ठीक आहे, चालू दे.

कळव्यात ती आमच्या समोरच्या खोलीत राहायची. जत्रेत, उद्घाटनांना ती शोची कुस्ती असते ना, चेहरे रंगवून केलेली, त्यात ही चेटकीण. दर वेळी हरायची, शिव्या खायची. कल्याणला एका बाईने तिला चप्पल फेकून मारलेली. मावशी खूश! "एका पायात चप्पल घालून घरी गेली असेल गं बिचारी. म्हणजे काम झालं आपलं." कुणी 'सगळं नाटकच ना' म्हणालं, की म्हणायची, "हो रे, नाटकच. ये, तू पडून दाखव."

तिच्या फळीवर परदेशी पैलवानांचे बाहुले होते, हातपाय वळणारे. डोंबिवलीतले हौशी लोक असले बाहुले सीलबंद खोक्यात जपतात. मावशी दुकानाच्या पायरीवरच खोकं फाडायची. "पैलवान काय लोणचं आहे, मुरवत ठेवायला?" बाईचा बाहुला मिळेना, म्हणून एका मिशाळ पैलवानाच्या मिशा खरवडून, एमसीलचा अंबाडा लावून तिने स्वतःची चेटकीण केलेली. फाइटच्या आदल्या संध्याकाळी ती आणि तिची जोडीदार पिंकी परात पालथी घालून त्यावर बाहुले लढवायच्या. कोण कुठून पडणार, कोण कुणाला धरणार, सगळं परातीवर ठरायचं.

शहाडच्या मैदानात आयोजकाने फोमचे पैसे वाचवले. फळ्यांवर नुसती ताडपत्री! मावशी नेहमी आधी रिंगवर पाय आपटून बघायची. "पब्लिक बसलंय मावशी, नखरे नकोत," म्हणाला तो. ती चढली. ठरल्याप्रमाणे पिंकीने तिला उचललं, टाकलं. फळी सरकली. पिंकीने हात धरला आणि किंचाळली, "दाबत नाहीये! हात दाबत नाहीये!" पंचाने डोक्यावर हातांची फुली केली. खरं लागलंय, थांबवा, अशी त्यांची खूण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून ओरडत होते, तर मागचा म्हणाला, "बसा ना ताई, सीन दिसत नाही."

अँब्युलन्स ठेवलेलीच नव्हती. टेम्पोतून नेलं. वाटेतच गेली.

आयोजक म्हणतो, म्हातारी चुकून पडली. चुकून? जन्मभर न चुकता पडलेली बाई!

जबाबाला पिंकीसोबत मी चौकीत गेलेले. तिने पिशवीतून परात काढली, टेबलावर पालथी घातली, बाहुले मांडले. कुठली फळी सरकली ते दाखवायला लागली.

"भातुकली मांडली काय?" साहेब म्हणाले. बाकीचे हसले. चेटकीण कलंडून परातीवर पडली.

मला रडू फुटायला आलेलं. "चल पिंकी. उद्या वकील घेऊन येऊ."

ती जागची हलली नाही. टेबलाखाली तिने माझा हात शोधला आणि दोनदा दाबला. मग चेटकिणीला उचलून उभं केलं.

"साहेब, पहिल्यापासून दाखवते."