पांढरं मलम, पिवळं मलम

आमच्या दवाखान्यात आकड्यांपेक्षा किस्सेच जास्त जमले, कारण आकडा विचारला की माणूस हकीकत सांगतो. गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि पिंपरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात लागले. खरजेवर जुनं पिवळं गंधकाचं मलम चांगलं की नवं पांढरं, हे आकड्यांनी ठरवायचं होतं. हे शास्त्र मला शिकवणार होते डॉक्टर दामले. त्यांच्याकडे विलायतेहून आलेलं पुस्तक होतं. ते वाचून तेही माझ्याइतकेच गोंधळले होते, फक्त कबूल करत नसत. "तीन महिन्यांत जमलं नाही तर नोकरी विसर," एवढं मात्र स्पष्ट सांगितलं.

*

पुस्तकात होतं, कुणाला कोणतं मलम द्यायचं ते नाणं उडवून ठरवा. छापा पडला तर पांढरं. पहिल्याच रोग्याला छापा पडला. डॉक्टरांनी त्याला नीट न्याहाळलं आणि नाणं पुन्हा उडवलं.

"हे काय?"

"याला पिवळंच लागू पडेल. तीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

"मग नाणं उडवता कशाला?"

"पुस्तकात लिहिलंय म्हणून."

त्या दिवसापासून नाणं माझ्या पर्समध्ये.

*

रंगखात्यातल्या धोंडिबाला विचारलं, खाज किती कमी झाली?

"हितं आलो की अजिबात न्हाई. घरी गेलो की हायच."

आता यातलं काय लिहू? डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "दोन्हींची सरासरी काढ."

*

काही रोगी पुन्हा फिरकलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, "बरे झाले असं लिही. नाहीतर आले नसते का?"

कंपाउंडर शेखभाई हळूच म्हणाले, "साहेब, त्यातले गेटवरचे म्हातारे वॉचमन तर वारले."

"मग? खाज थांबली ना त्यांची?"



*

तीन महिने संपले. दोन्ही मलमांचा निकाल अगदी सारखा आला. "हिशेब चुकला. सामान आवर," डॉक्टर म्हणाले. मी पुन्हा केला, तोच आला. तशीच तडक थेरगावला गेले. आमच्या रोग्यांपैकी तिथले दोघे भाऊ सगळ्यांच्या आधी बरे झाले होते, एक पांढऱ्याने, एक पिवळ्याने.

त्यांची आई ओट्यावर बसून परातीत काहीतरी कालवत होती.

"एकाला पांढरं, एकाला पिवळं, असं कसं चालंल? लेकरं दोनी माझीच. मी आपली दोनी मलमं कालवली आन् दोघांना सारखं लावलं. आता आळीतल्या, पलीकडच्या वस्तीतल्या बायाबी तुमच्या दवाखान्याची आपापली मलमं आणून देत्यात. त्यांचंबी कालवून देते."

परत येऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हटलं, हिशेब बरोबरच होता, मलमंच वेगळी राहिली नव्हती.

 त्यांनी उठून दार लावलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "प्रमाण काय घेते, विचारलंस का?"