फोटोत न मावलेला हिमनग

माझ्या सासऱ्यांइतका समोरच्याला दमवणारा माणूस त्या काळी अख्ख्या युरोपात दुसरा नव्हता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. स्वतः मात्र ते कधी दमत नसत. कोकणातल्या एका बंदरावर बर्फाच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे जगात गार ठेवण्यासारखं जे जे काही आहे, ते आपल्याच देखरेखीखाली आहे अशी त्यांची समजूत होती. दक्षिण जर्मनीत, बॉबलिंगेनला आमच्याकडे आल्या आल्या त्यांनी फ्रीज उघडला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि "जावईबापू, याच्यात दम नाही" असं निदान केलं. मग रोज संध्याकाळी मी ऑफिसातून थकूनभागून आलो की बूट काढायच्या आधी मला फ्रीजची तब्येत ऐकावी लागे. जर्मन त्यांना येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. ते सगळ्यांशी खणखणीत मराठीत बोलत. एकदा मासळीच्या दुकानातली बाई माशाचं डोकं कापून टाकायला निघाली, तर "अगो बाई, टाकू नको ते!" असं ओरडून यांनी स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी गच्च धरलं. ती बिचारी घाबरून आतून खुर्ची आणि पाणी घेऊन आली. हे खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि डोकं घेऊनच उठले. मी आपला मागे उभा, ओळख नसल्यासारखा.

त्यांची इच्छा एकच होती. हिमनग बघायचा. "आयुष्यभर यंत्रानं बर्फ केला हो. कुणी न केलेला एकदा डोळ्यांनी बघू दे." त्यांच्या लेकीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लग्नाआधीपासून त्यांना शब्द दिला होता की बाबा, मी दाखवीन. आइसलँडची तिकिटं काढायची, एवढंच उरलं होतं. पण हिला सातवा लागला आणि डॉक्टरीणबाईंनी विमान बंद केलं. मी म्हटलं, आम्ही दोघे जाऊन येतो. तर सासरे म्हणाले, "पोरीला या अवस्थेत एकटी टाकून? खुळे की काय तुम्ही?" पुढच्या वर्षी जाऊ म्हणावं, तर रत्नागिरीच्या डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाकडे बघून आधीच बजावलं होतं की लेकीकडे एकदा जाऊन या, पुन्हा एवढा प्रवास नाही. म्हणजे जे काय बघायचं ते याच खेपेला. ही आतल्या आत कुढत होती, आणि ते मला दिसत होतं.

त्या फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली आणि टीव्हीवर दाखवलं, की उत्तरेकडे नॉर्थ सीच्या किनाऱ्यावर बर्फाचे ढीग साचलेत. ही ताडकन उठून बसली. "बाबा, हिमनग! आपल्याच देशात!" मी काही बोलणार होतो, पण तिच्या तोंडाकडे बघितलं. ऑफिसात हातापाया पडून गुरुवार ते शनिवार सुट्टी मिळवली, किनाऱ्यावर एक घर भाड्यानं घेतलं आणि रस्ताभर ट्रॅफिकला शिव्या घालत अख्खा जर्मनी खालून वर गाडी हाकली. मागच्या सीटवर सासरे, मांडीवर मसाल्याची, आमसुलांची आणि तिरफळांची पिशवी.

तिथं पोचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. सासरे दोन्ही वार कडक पाळणारे. राहिला शुक्रवार, तर त्या दिवशी नेमकी संकष्टी! मी ऑफिसचं कॅलेंडर बघितलं होतं, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं बघायला हवं होतं. समुद्रावर मासे खायला म्हणून आलेल्या माणसाच्या नशिबी तिन्ही दिवस बटाटे. "असू दे हो," ते म्हणाले, "बाजार करायला कुठला देव आडवा येतो?" आणि त्यांनी बाजार केला तो काय विचारता! होडीवरच उकडलेली बोटाच्या पेराएवढी कोळंबी, तिला ते "जवळ्याची थोरली बहीण" म्हणाले. दोन चपटे मासे, त्यांच्या माना वर करून कल्ले तपासून घेतलेले. रांधलंही त्यांनीच, चव न बघता, नुसत्या वासावर. हिला त्या दिवसांत मासळीचा वास सोसत नव्हता, ती बाहेर पडवीत कुडकुडत बसली. म्हणजे खाणारा उरलो मी, सोलापूरचा, ज्याला काट्यातून मासा काढता येत नाही. समोर बसून सासरे एकेक घास नजरेनं माझ्या घशाखाली उतरवत होते. "अहो, डोळा खा, डोळा! घाटावरच्या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही." मी खाल्ला. न खाऊन सांगतो कुणाला?

शुक्रवारी सकाळी किनाऱ्यावरचा उंच बांध चढून आम्ही समुद्र बघितला. लांब वाळूच्या पट्ट्यावर चार-पाच सील पसरले होते. एका जर्मन आजोबांनी आपणहून दुर्बीण दिली. सासऱ्यांनी त्यातून बराच वेळ बघितलं आणि आजोबांना मराठीत सांगितलं, "काम ना धंदा, खाऊन खाऊन माजलेत. आमचे साहेब असेच." आजोबा "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले.

ही निसरड्यावर येऊ शकत नव्हती म्हणून वर बांधावरच थांबली. आम्ही दोघे खाली उतरलो. बर्फ होता, पण फुटलेल्या फरशांसारखे पापुद्रे एकावर एक चढलेले, चिखलानं राखाडी झालेले, फार तर कमरेएवढे उंच. मला इतका थकवा आला की तिथंच बसावंसं वाटलं. शेवटी म्हटलं, "बाबा, हा हिमनग नव्हे. इथं हिमनग नसतात."

"मला शिकवता होय?" ते हळूच म्हणाले. हातमोजा काढून त्यांनी बर्फावर तळवा टेकला, आणि तो तसाच ठेवून जरा वेळ उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता, खोटं कशाला सांगू. मग म्हणाले, "तिला बोलू नका. पोर केव्हाची थंडीत उभी आहे." आणि वळून, दोन्ही हात उंच करून बांधाकडे बघत ओरडले, "बघितला गोऽऽ! बघितला!" ही वरून दोन्ही हात हलवत होती.

संध्याकाळी ढगांत चंद्र दिसेना, तेव्हा त्यांनी गावी फोन लावला. कारखान्याचा टेम्पो चालवणारे काका त्यांचे जिवलग दोस्त. "तिकडे उगवला का रे? उगवला? मग मी उपास सोडतो." काकांनी हिमनगाचं विचारलं असावं. सासऱ्यांनी एकवार लेकीकडे बघितलं. "बघितला तर! दोन मजली. निळा. आतून उजेड आल्यासारखा." पलीकडून फोटो पाठव म्हणाले असणार, कारण हे डाफरले, "फोटोत मावला नाही!" ही पदराआड हसावं तशी शालीत तोंड लपवून हसत होती, आणि डोळे पुसत होती. तिला कळलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

नातीचं तोंड बघून ते परत गेले. दोन वर्षांनी गेले ते कायमचेच. आम्ही गावी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. घर त्यांच्यावाचून इतकं शांत होतं, की मला तिथं बसवेना. टेम्पोवाले काका मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, "जावईबापू, एक विचारू? तो हिमनगाचं सगळ्या बंदराला सांगायचा. आम्ही थट्टा करायचो त्याची. खरंच तो म्हणायचा तेवढा होता?"

"नाही हो काका," मी म्हणालो. "त्याहून मोठा होता."