दोन दिवस बिनमिरचीचे

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, आणि गिरणीत मला पहिलं काम मिळालं ते डुकराचं सॉसेज शोधायचं! यंत्रं बसवायला आलेल्या इटालियन साहेबांना ते त्यांच्या गावच्यासारखं हवं होतं, बडीशेप घातलेलं आणि बिनतिखट.

स्टेशनामागे डुकराचं मटण विकणाऱ्या एका मावशींना मी इटलीपासून सगळं समजावून सांगितलं. त्या हसल्या. "आतड्यात भरल्यालं मटनच की! त्याला एवढं भाषण कशाला?"

पण सवयीने त्यांच्या हातून जरासं तिखट पडलंच. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि बोलणी मी खाल्ली. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. "परवा या," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सारणाची छोटी गोळी तव्यावर भाजली, डोळे मिटून चघळली, थोडं मीठ वाढवलं आणि मगच आतडी भरली.

"दोन दिस मिरचीला शिवले न्हाय," त्या म्हणाल्या. "तिखटानं भाजल्याल्या जिभंला फिकं कसं कळंल?"

साहेबांनी ताट पुसून खाल्लं. "मुंबईहून मागवलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," मी छाती काढून म्हणालो, "आमच्या सोलापूरचं आहे."