पदवीच्या मापाचं चित्र

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी कुणी न विचारता सांगतो. कसबा बावड्यात आम्ही नवीन घर बांधलं तेव्हा हॉलच्या भिंतीवर काय लावायचं हा प्रश्न घरात फक्त मलाच पडला. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मते, कॅलेंडरला एक खिळा असला की भिंतीचं काम झालं.

मी जुन्या सामानाच्या दुकानातून एक विलायती चित्र आणलं. घोड्यांवर लाल कोटातले साहेब, पुढं कुत्र्यांची झुंड, मागं धुकं. दुकानदार म्हणाला, कोल्ह्याची शिकार आहे, मोठ्या बंगल्यांत असली चित्रं असतात. मला तेवढं पुरलं. फ्रेमवाल्याला बजावलं की फ्रेम माझ्या पदवीच्या मापाचीच पाहिजे, दोन्ही शेजारी लावायच्यात. तो म्हणाला, चित्र लांब आहे. म्हटलं, बसव. त्यानं बसवलं.

तेव्हा माझं लग्न जमत होतं. मुरगूडची मुलगी. मी तिला बघून आलो होतो आणि तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. आता तिच्याकडचे घर बघायला येणार, मग होय-नाही कळवणार, असं ठरलेलं.

आले. मुलीचे वडील, चुलते आणि वडिलांची थोरली बहीण. मी त्यांना बरोबर चित्रासमोर बसवलं आणि सकाळीच मोबाइलवर वाचलेलं सगळं ओतलं. इंग्लंडातले जमीनदार, त्यांची शिकारी कुत्री, अशा चित्रांची तिकडं केवढी परंपरा. चुलत्यांनी मान डोलावली. पोहे चांगले झाले होते, त्यालाही असेल.

आत्याबाई मात्र उठून चित्राजवळ गेल्या. आमच्याकडं शुभकामाला निघताना कोल्ह्याचं तोंड दिसलं की काम फत्ते, असं मानतात. वाटेत त्यांना कोल्हा दिसला नव्हता, तर इथं तरी बघू म्हणाल्या. चष्मा पुसून परत बघितलं.

"पावणं, ह्यात कोल्हा कुठं हाय?"

मी बोट पुढं केलं आणि ते तसंच हवेत राहिलं. कोल्हा मीही कधी बघितला नव्हता. इतके दिवस मी नुसते कोट बघत होतो. कुत्र्यांच्या पुढं थेट फ्रेमची पट्टी. मी म्हणालो, पुढं गेला असणार, फार चपळ असतो.

"म्हंजे एवढी माणसं उगंच पळत्यात की," मुलीचे वडील म्हणाले.

आत्याबाई खाली बसल्या आणि चहाच्या कपाला हात लावेनात. मला मुरगूडचा रस्ता बंद होताना दिसायला लागला.

आबा उठले. ऊसतोडीत फडातनं कोल्हं शेवटच्या सरीतच निघतंय, असं पुटपुटत त्यांनी फ्रेम उतरवली, पालथी घातली आणि पकडीनं खिळे उपसले. फ्रेमवाल्यानं चित्र कापलं नव्हतं. माझ्या पदवीच्या मापात बसावं म्हणून त्यानं वीतभर कड मागं दुमडली होती. आबांनी घडी उलगडली. निघाला. तांबूस, झुबकेदार शेपटीचा, पळता पळता मान वळवून मागं बघणारा.

"हाय की," आत्याबाई म्हणाल्या. हात जोडले आणि गार झालेला चहा घेतला.

होकार आला. पदवीचा प्रताप, असं मी मित्रांना सांगत सुटलो. खरं काय ते लग्नानंतर बायकोनं सांगितलं. घरी परतल्यावर तिचे वडील म्हणाले होते, "पोरगं फुशारकी लई मारतंय. पण सापडलं की कान लालभडक व्हत्यात. खोटं पचत न्हाय त्याला. देऊ पोरगी."

चित्र आता लांब फ्रेममध्ये आहे, घडीच्या वळासकट. त्याला जागा करायला पदवी आतल्या खोलीत गेली. आलेल्या पाहुण्यांना मी आधी कोल्हा दाखवतो, मग आत नेऊन पदवी. बायको तेवढ्यात माझे कान बघून घेते.