बाळूभाऊंना कुठे बसवायचे?

लोकसाहित्याच्या अभ्यासकाकडे दोन प्रकारचा माल साठत जातो. पहिला छापून येतो. त्याला तळटीपा असतात, संदर्भसूची असते आणि वाचक नसतात. दुसरा छापून येत नाही. तो चहाबरोबर बाहेर पडतो आणि त्याला ऐकणारे कमी पडत नाहीत. जुन्नरच्या आमच्या उन्हाळी सप्ताहाने माझ्या या दुसऱ्या कोठारात एवढी भर घातली आहे की आता दार लावता येत नाही. म्हणून थोडा माल बाहेर काढतो.

सप्ताह म्हणजे कला आणि इतिहासाचा. वैशाखातल्या सात संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मंडप, अधूनमधून आसपासच्या गावांत फेऱ्या. चालवणारी माणसे चार. शकुंतलाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्या सचिव. गौतमभाऊ, एसटीत कंडक्टर, सुट्टीच्या दिवशी लोकांना लेणी दाखवणारे. बाळूभाऊ, आंबेगाव तालुक्यातले, बैलगाडा शर्यतींचे निवेदक. आणि अध्यक्ष म्हणून मी. अध्यक्षाला आमच्याकडे हार मिळतो, अधिकार मिळत नाही.

*

पहिल्याच वर्षी आम्ही नावात चूक केली. ‘सप्ताह’ म्हटले की आमच्या भागात हरिनाम, कीर्तन आणि शेवटी पंगत. पहिल्या संध्याकाळी टोप्या घातलेली दहा-बारा मंडळी पुढच्या रांगेत येऊन बसली. सातवाहनांवरचे व्याख्यान त्यांनी मोठ्या सहनशीलतेने ऐकले. मग एकाने विचारले, “बाई, पंगत कधी बसायची?”

बाई गंभीरपणे म्हणाल्या, “बाबा, इथे ज्ञानाची पंगत आहे.”

बाबांनी शेजाऱ्याकडे पाहिले. “मंग उठा राव. घरनं जेवून येऊ!”

आणि आश्चर्य म्हणजे, जेवून खरोखरच परत आले.

*

यंदाच्या सप्ताहाचा खरा प्रश्न पहिल्या बैठकीतच उभा राहिला होता. बाळूभाऊंची एकच मागणी होती : पत्रिकेत आपले नाव ‘कलावंत’ या मथळ्याखाली यावे. आजवर ते ‘ध्वनिक्षेपक’ या मथळ्याखाली यायचे, मंडपवाल्याच्या वर आणि जनरेटरच्या खाली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या नव्हेत. घाट म्हणजे गाडे धावतात ती चढाची वाट, दोन्ही बाजूंनी माणसांनी गच्च भरलेली. या घाटात बाळूभाऊंचा आवाज तीस वर्षे धावतो आहे. मी तो अभ्यासला आहे. ग्रामदैवत, गाव, मालक, बैल असा नावांचा पक्का क्रम. श्वास घेण्याच्या ठरलेल्या जागा. आणि शब्द बैलांच्या नेहमी अर्धे पाऊल पुढे. पोवाड्याची शिस्त आणि कीर्तनकाराची हजरजबाबी वृत्ती एका दमात पेलणारा हा मौखिक प्रकार आहे, असे मी बैठकीत सविस्तर मांडले.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतले. “सर, विवेचन सुंदर आहे. पण ती आरडाओरड आहे. कलेत समोरच्याला काहीतरी दिसावं लागतं. यांच्या समोर बैल असतात म्हणून दिसतात. बैल काढून घ्या, राहिलं काय?”

बाळूभाऊ म्हणाले, “मी राह्यलो की बाई!”

“तुम्ही माईकवाले आहात, बाळासाहेब.”

अखेर तडजोड झाली. रोज वक्त्यांची ओळख बाळूभाऊंनी करून द्यायची, सभ्य शब्दांत. आठवडा सुरळीत पार पडला तर शेवटच्या संध्याकाळी अर्धा तास त्यांचा. आणि पुढच्या वर्षी ते कुठल्या मथळ्याखाली बसणार, याचा निर्णय त्या अर्ध्या तासावर.

*

पहिल्या दिवशी पुण्याहून एक इतिहासतज्ज्ञ आले. बाळूभाऊंनी सदरा इस्त्री केला होता आणि भाषाही.

“आदरणीय डॉक्टरसाहेब आता मंचाकडे प्रस्थान करीत आहेत...” इथवर ठीक होते. पण डॉक्टरसाहेब पायऱ्या चढू लागले. समोर चढ आणि चढावर कुणीतरी धावते आहे म्हटल्यावर तीस वर्षांची सवय कुठवर आवरणार? “आले! पहिली पायरी! दुसरी पायरी! पुण्याचं नाव, डॉक्टरांचा मान, टेबलापाशी... टेबल सोडलं... माईक धरला! धरला! धरला!”

मंडपाने टाळ्यांचा कडकडाट केला. डॉक्टर खूश झाले आणि त्या भरात फार बोलले. ते खाली बसताच बाळूभाऊंनी घड्याळ पाहिले आणि घाटातल्या रिवाजाप्रमाणे वेळ जाहीर केली, “एक तास अन् वर चार मिंटं! लई टाइम घेतला राव!”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी माझ्या चपलांकडे पाहिले.

*

दुसऱ्या दिवशी लेण्यांची फेरी. गौतमभाऊ लेण्यात शिरले की त्यांच्यातला कंडक्टर जागा होतो. “पुढं सरका, पुढं सरका, मागच्यांना दिसू द्या. आत लई जागा हाय.”

फेरीतल्या एका बागायतदाराने विचारले, “ही पांडवांनी खोदलीत म्हणं, एका रातीत?”

गौतमभाऊंचे आजोबा धम्म स्वीकारून बुद्धाच्या वाटेवर परत आले तेव्हापासून ही लेणी त्यांना घरासारखी. ते शांतपणे भिंतीवरच्या अक्षरांकडे गेले. “पावणं, पांडवांचं नाव कुठं न्हाई. हितं नावं हायेत ती धान्याच्या व्यापाऱ्यांची, कासारांची, बांबूकाम करणाऱ्यांची. त्यांच्या संघांनी दान दिलंय.”

“म्हंजी आपल्या मार्केट यार्डानंच केलंय की!”

“तसंच समजा. अन् नाव घातल्याबिगर देणगी तवाबी कोणी देत नव्हतं.”

सगळे हसले. बाळूभाऊ मात्र त्या अक्षरांवरून बोट न टेकवता हात फिरवत राहिले. खाली उतरताना मला म्हणाले, “सर, बांबूवाल्याचं नाव दोन हजार वर्सं टिकलंय. माझं येका पत्रिकेत बसंना.”

*

बोरी बुद्रुकची फेरी भूशास्त्राची. कुकडीच्या काठी मातीच्या थरांत पांढरट राख सापडते. फार प्राचीन काळी समुद्रापलीकडे ज्वालामुखी फुटला, त्याची राख वाऱ्यावर उडत इथवर आली, असे अभ्यासकांनी सांगितले. राखेच्या वयाबद्दल विद्वानांत अजून वाद आहेत, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

वडाखाली बसलेल्या एका आजोबांना वयाच्या वादात रस नव्हता. “केवढ्या लांबनं आली म्हनता?”

“हजारो किलोमीटर, आजोबा.”

“मधी येवढा मुलूख पडलाय. अन् उतरली कुठं? बोरीला!” त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “उगी न्हाई उतरत कोणी.”

मी आयुष्यभर प्रादेशिक अस्मितेवर लिहीत आलो आहे. एवढी संक्षिप्त व्याख्या मला जमलेली नाही.

*

खोडदला विशाल रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या शेतांत उभ्या आहेत. तिथल्या एका अभियंत्याने कार्यक्रमाआधी नम्रपणे विनंती केली की आकाशातून येणारे अतिशय क्षीण संकेत आम्ही टिपतो, तेव्हा मोबाइल बंद ठेवा आणि बिनतारी माईक वापरू नका.

बाळूभाऊंनी माईक खिशात घातला आणि देवळाच्या ओट्यावरून उघड्या आवाजात ओळख करून दिली. पलीकडच्या शेतात कांदा भरणाऱ्या बायका काम थांबवून उभ्या राहिल्या. दोघींनी तर येऊन विचारले, “आमाला बोलावलं का?”

अभियंता हसत म्हणाला, “आम्हाला आकाशातलं ऐकायला तीस अँटेना लागतात. तुम्हाला ऐकवायला एकही नाही!”

बाळूभाऊ म्हणाले, “सायेब, वरनं काय निरोप आला तर कळवा. मी पुकारतो.”

*

त्याच दिवशी परतताना गौतमभाऊंनी शर्यती बंद होत्या त्या काळातली हकिगत सांगितली. यात्रा भरायची, पण गाडे पळवायला बंदी. मग एका गावाने ठरवले की बैल सजवून घाटातून नुसते चालवत न्यायचे, देवाला दाखवायचे, आणि घरी आणायचे. निवेदन मात्र बाळूभाऊंनी करायचे, कारण घाट मुका बरा दिसत नाही.

बैल रमतगमत चालत होते, मध्येच थांबून गवत हुंगत होते. आणि बाळूभाऊंचा आवाज पूर्ण वेगात. “आला! आला! आला! वाऱ्याला मागं टाकलं!” माणसे डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. घाट संपला तेव्हा एका मालकाने चेष्टेने विचारले, “बाळू, मंग पयला नंबर कोनाचा?”

“माझाच!” बाळूभाऊ धापा टाकत म्हणाले. “पळालो मी येकटाच!”

हा किस्सा सांगताना गौतमभाऊंनी जीपमध्ये पुढे बसलेल्या बाईंकडे मुद्दाम पाहिले. बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिले.

*

सहाव्या दिवशी बाईंनी अर्धा तास कापला. देणगीदारांचे सत्कार वाढले होते, समारोपाला मोठे पाहुणे होते, वेळ उरत नव्हता. मी विरोध नोंदवला. अध्यक्षाचा विरोध नोंदवला जातो, एवढेच.

बाळूभाऊ भांडले नाहीत. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, “बाई, मी देवाचं नाव घेतो, गावाचं घेतो, मालकाचं घेतो, मुक्या बैलाचंबी घेतो. माझं नाव घ्यायला कोण उरलंय सांगा.”

बाईंनी हातातला कार्यक्रमाचा कागद दोनदा उलटून पाहिला. पण सत्कारांची यादी छापायला गेली होती.

*

सातव्या संध्याकाळी मंडप भरला आणि पाहुणे वाटेत अडकले. लोक चुळबुळू लागले. शेवटी बाई बाळूभाऊंकडे आल्या. “पाहुणे येईपर्यंत पाच मिनिटं काहीतरी बोला. आणि हळू!”

बाळूभाऊ मंचावर गेले. समोर खुर्च्यांचे दोन भाग, मधून कमानीपासून मंचापर्यंत हिरव्या गालिचाची वाट. ती वाट त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मापली.

“मंडळी,” ते खरोखरच हळू म्हणाले, “ह्यो मंडप न्हाई. ह्यो घाट हाय. तिकडं कमानीखाली गाडा जुंपलाय. बैलांच्या अंगावर भंडारा हाय. पुढं घोडी हुबी हाय, वर स्वार हाय. बैलं थांबंनात. चौघांनी धरलीत, तरी थांबंनात...”

आमच्याकडच्या घाटात आधी घोडी सुटते आणि तिच्या मागे गाडा; हे इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मंडपातली चुळबुळ थांबली होती. काही माना कमानीकडे वळल्या.

तेवढ्यात बाहेर पाहुण्यांची गाडी लागली. पुष्पगुच्छाचे तबक घेऊन बाई लगबगीने त्या मधल्या वाटेने निघाल्या. बाळूभाऊंचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले होते.

“कडंला व्हा! कडंला व्हा राव! सुटली! घोडी सुटली! आली, आली, आली, आली...”

वाटेलगतच्या लोकांनी पाय आत ओढले. एका म्हाताऱ्याने काठी उचलून घेतली. गौतमभाऊ, जे कधी कुणाला वाट देत नाहीत, खांबाला चिकटले. आवाज मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सपकन निघून गेला, आणि दम घेण्यासाठी बाळूभाऊ थांबले, डोळे उघडले.

वाटेच्या मध्यावर, कडेच्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर शकुंतलाबाई उभ्या होत्या. एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात तबक. कमानीत पाहुणे एक पाऊल आत टाकून थबकले होते.

बाळूभाऊंचा आवाज एकदम खाली आला. “बाई, उतरा ना. पावणं आल्यात.”

बाईंनी कमानीकडे नजर लावूनच उत्तर दिले, “उतरू कशी? नुसती घोडी गेलीय. गाडा अजून यायचाय!”